शाळा आली आणि घर बाहेर राहिले

आयर्लंडच्या एकोणिसाव्या शतकातील जनगणनेचे दोन आकडे शेजारी मांडले, की तेथील ग्रामीण शिक्षणाविषयीचा सगळा वाद त्यात दिसू लागतो. १८४१ साली पाच वर्षांवरील लोकसंख्येत ५३ टक्के लोकांना लिहिता-वाचता येत नव्हते. १९०१ साली हे प्रमाण १४ टक्क्यांपर्यंत खाली आले होते. याच काळात दुसरीकडे आयरिश भाषा ओसरत गेली. १८५१ साली ती बोलणारे सुमारे १५ लाख लोक नोंदले गेले, आणि १८९१ साली त्यांची संख्या ७ लाखांहूनही कमी उरली. पहिल्या आकड्याकडे बोट दाखवणारे लोक सरकारी शाळेचे उपकार मानतात आणि दुसऱ्याकडे बोट दाखवणारे तिला भाषेची मारेकरी म्हणतात. दोन्ही आकडे खरे आहेत. मात्र त्यांच्यामधली गाठ अटळ होती, हे मला मान्य नाही. अक्षर हवे असेल तर घरची भाषा सोडा, ही अट शिक्षणाच्या स्वभावात नव्हती. ती धोरणाने घातली, आणि ती घालू नये असे सांगणारी माणसे त्या काळी खुद्द शिक्षणखात्यातच होती.

हे म्हणणे मांडायचे तर आधी सरकारी शाळेच्या पूर्वीची स्थिती पाहावी लागते, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. १६९५ च्या कायद्याने कॅथलिकांना शाळा चालवण्यास आणि मुलांना शिक्षणासाठी परदेशी पाठवण्यास मनाई केली. देशातील बहुतेक प्रजा कॅथलिक असल्यामुळे प्रत्यक्षात बहुसंख्यांचे शिकणेच गुन्हा ठरले. पुढे १७०९ च्या कायद्याने कॅथलिक मास्तराची खबर देणाऱ्यास बक्षीसही ठेवले. तरीही शाळा बंद पडल्या नाहीत. रस्त्याकडेच्या झुडपी कुंपणाच्या आडोशाला, दगडी बांधाच्या वारा न लागणाऱ्या बाजूला, हिवाळ्यात कोणाच्या तरी गोठ्यात किंवा धान्याच्या कोठारात त्या भरत राहिल्या. ‘हेज स्कूल’ म्हणजे कुंपणाआडची शाळा, हे नाव त्यांना तेव्हा पडले. १७८२ नंतर कायदा सैल होत गेला आणि शाळा मातीच्या भिंतींच्या, गवताने शाकारलेल्या खोपटांत स्थिरावल्या, तरी नाव मात्र तेच टिकले.

या शाळांचा पसारा किती मोठा होता हे सहसा लक्षात घेतले जात नाही. सरकारी चौकशी आयोगासाठी १८२४ मध्ये जमवलेल्या माहितीनुसार, देशात शिकणाऱ्या सुमारे साडेपाच लाख मुलांपैकी ४ लाखांहून अधिक मुले पालकांच्या फीवर चालणाऱ्या अशा शाळांत होती. सरकारचा पैसा नाही, चर्चचा थेट अंमल नाही, इमारत नाही, नेमलेला अभ्यासक्रम नाही; असे असूनही शेतकऱ्यांनी आणि खंडकऱ्यांनी आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून हा पसारा उभा ठेवला होता. मास्तराला तिमाही फी मिळे. वाचनाची फी कमी, लेखनाची त्याहून थोडी जास्त आणि हिशेबाची सर्वांत जास्त. रोख नसेल तेथे लोणी, अंडी किंवा चुलीसाठी टर्फ दिले जाई. टर्फ म्हणजे दलदलीच्या जमिनीतून कापून वाळवलेले जळण. लाकूड दुर्मीळ असलेल्या त्या मुलखात चूल पेटे ती त्याच्यावरच. मास्तर पाळीपाळीने विद्यार्थ्यांच्या घरी राहत आणि जेवत. गावाला मास्तर पसंत पडला नाही तर मुले दुसरीकडे जात आणि त्याला गाव सोडावे लागे.

शिक्षणाचा दर्जा अतिशय असमान होता. काही ठिकाणी अक्षरओळख आणि बेरीज-वजाबाकी यांपलीकडे मजल जात नसे. काही ठिकाणी, विशेषतः मन्स्टर प्रांतात, जमीनमोजणी, नौकानयनाचे गणित, लॅटिन आणि क्वचित ग्रीकही शिकवले जाई. मास्तरांमध्ये खरे विद्वान होते. आयरिश काव्यातील मोठे नाव असलेला ब्रायन मेरिमन क्लेअर परगण्यातील फीकल गावी मास्तर होता आणि अखेरीस लिमरिक शहरात गणित शिकवत असे. ओवन रुआ ओ सूलवॉन हा कवीही काही काळ मास्तरकी करीत होता. परंतु अशा नावांवरून सर्व कुंपणशाळांना सोनेरी मुलामा देणे योग्य नाही. फटके सर्रास बसत, पुस्तक म्हणून हाती येईल ते वापरले जाई, आणि तिमाहीला एक-दोन शिलिंगही ज्यांच्या हाताशी नसत अशा शेतमजुरांच्या मुलांना तेथे जागा नव्हती.

माझ्या युक्तिवादाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे, आणि ती राष्ट्रवादी इतिहासकथनात बहुधा गाळली जाते. कुंपणशाळांतही शिकवण्याचा मुख्य विषय इंग्रजी हाच होता. घरी आणि शेतावर आयरिश बोलणारे आईबाप मास्तराला फी देत ती मुलाला इंग्रजी यावी म्हणून. जमीनदाराच्या कारभाऱ्याशी व्यवहार इंग्रजीत, न्यायालय इंग्रजीत, बाजारातील करार इंग्रजीत आणि पुढे अमेरिकेच्या बोटीवर चढायचे तर तेथील मजुरीही इंग्रजीत. या लोकांनी आपल्या भाषेचा द्वेष केला नव्हता. आयरिशच्या आधाराने पोट भरण्याची एकही वाट राज्यव्यवस्थेने मोकळी ठेवली नव्हती, हे त्यांना रोजच्या अनुभवाने कळले होते.

१८३१ मध्ये सरकारने स्वतः शिक्षणात हात घातला. त्याआधी १८११ मध्ये स्थापन झालेल्या किल्डेअर प्लेस सोसायटीला सरकारी अनुदान मिळत होते, पण तिच्या शाळांत भाष्याविना बायबल वाचण्याचा आग्रह असल्यामुळे कॅथलिकांचा तिच्यावर विश्वास बसला नाही. तेव्हाचे मुख्य सचिव एडवर्ड स्टॅनली यांनी ऑक्टोबर १८३१ मध्ये ड्यूक ऑफ लेन्स्टर यांना लिहिलेल्या पत्रातून ‘राष्ट्रीय शाळा’ या नव्या पद्धतीचा आराखडा मांडला. सर्व पंथांची मुले एकत्र बसून लौकिक विषय शिकतील आणि धर्मशिक्षण वेगळ्या वेळी, आपापल्या धर्मगुरूंकडून घेतील, अशी त्यातील कल्पना होती. गावाने जागा आणि बांधकामाचा निदान तिसरा हिस्सा द्यायचा, उरलेले नव्या राष्ट्रीय शिक्षण मंडळाने द्यायचे. इंग्लंडमध्ये अशा स्वरूपाचा शिक्षण कायदा होण्यासाठी १८७० साल उजाडावे लागले, हे लक्षात घेतले तर या योजनेचे धाडस कळते. पंथद्वेषाने पोखरलेल्या देशात मुलांना एका बाकावर बसवण्याचा हा विचार उदार होता, आणि तो ज्यांनी मांडला त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही.

प्रत्यक्षात तो विचार फार टिकला नाही. शाळेचा व्यवस्थापक बहुतेक ठिकाणी स्थानिक पाद्री झाला. मास्तराची नेमणूक आणि बडतर्फी त्याच्या हाती गेली. प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन आणि कॅथलिक असे सगळेच या पद्धतीला आपापल्या बाजूला ओढत राहिले, आणि शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक शाळा एकाच पंथाच्या मुलांच्या झाल्या. ट्यूमचे आर्चबिशप जॉन मॅकहेल यांचा तर राष्ट्रीय शाळांना उघड विरोध होता. त्यामुळे आधीच दरिद्री असलेल्या पश्चिम भागातील कित्येक मुले वर्षानुवर्षे त्यांपासून दूर राहिली. मॅकहेल आयरिश भाषेचे मोठे अभिमानी होते आणि त्यांना वाटणारी धर्मांतराची व इंग्रजीकरणाची भीती निराधार म्हणता येत नाही. पण त्या भीतीची किंमत मेयो आणि गॉलवेच्या मुलांनी निरक्षर राहून मोजली, हेही तितकेच स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

तरीही शाळा वाढल्या. १८३३ मध्ये सुमारे ८०० राष्ट्रीय शाळा होत्या. १८७० मध्ये त्या ६,८०० झाल्या आणि पटावरील मुलांची संख्या १० लाखांच्या घरात गेली. पटावरची आणि वर्गात बसलेली मुले यांत मात्र फार मोठे अंतर होते. रोजची सरासरी हजेरी पटसंख्येच्या निम्म्याहूनही बरीच कमी असे. बटाटे लावण्याच्या आणि काढण्याच्या दिवसांत, टर्फ कापण्याच्या दिवसांत वर्ग रिकामे पडत. उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात तर स्ट्रबेन, लेटरकेनी अशा गावी मे आणि नोव्हेंबरमध्ये मजूरभरतीचे बाजार भरत, आणि बारा-तेरा वर्षांची मुलेसुद्धा सहा महिन्यांच्या बोलीवर दूरच्या शेतकऱ्याकडे कामाला जात. सक्तीचा कायदा आला तो १८९२ मध्ये, आणि सुरुवातीला तो शहरांपुरताच होता. शाळेचे घर म्हणजे एक खोली, तीत सगळ्या इयत्ता, कोपऱ्यात विस्तव, आणि तो पेटता राहावा म्हणून हिवाळ्यात प्रत्येक मुलाने बगलेत धरून आणलेले टर्फ. कित्येक शाळांची जमीन मातीची होती. व्हियर फॉस्टर या सधन गृहस्थाने स्वतःच्या खर्चाने शेकडो खेड्यांतील शाळांना लाकडी तक्तपोशी करून दिली, मुलांना परवडतील अशा लेखनवह्या छापल्या आणि १८६८ मध्ये स्थापन झालेल्या शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेचे पहिले अध्यक्षपद सांभाळले. सरकारी पद्धतीच्या यशाचा हिशेब करताना अशा माणसांचा वाटा वेगळा काढून दाखवायला हवा, असे मला वाटते.

आता भाषेचा प्रश्न. १८३१ च्या पत्रात आयरिश भाषेचा उल्लेख नाही. तिच्यावर बंदी घालणारे कलमही त्यात नाही. ती जणू अस्तित्वातच नाही असे गृहीत धरून सगळी व्यवस्था रचली गेली. ज्या गावात मुलाला, त्याच्या आईला आणि आजीला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, तेथेही पहिल्या दिवसापासून पहिले पुस्तक इंग्रजी. मंडळाने तयार केलेली पाठ्यपुस्तके इतकी व्यवस्थित आणि स्वस्त होती, की ती इंग्लंडमध्ये खपली आणि कॅनडातील आँटेरिओच्या शाळांतही लागली. मात्र जी पुस्तके कोणत्याही वसाहतीत चालू शकतात, त्यांत कोणत्याही एका गावाचे काही असू शकत नाही. कॉर्कच्या किंवा डॉनेगॉलच्या मुलाला त्यांत आपला देश, त्याचा इतिहास, आपल्या किनाऱ्यावरचे मासे किंवा आपल्या डोंगराचे नाव जवळजवळ सापडत नसे.

याच जोडीला गळ्यातील काठीची प्रथा होती. मुलाच्या गळ्यात दोरीने लहान काठी अडकवायची, त्याने आयरिश शब्द उच्चारला की तिच्यावर एक खाच पाडायची आणि दिवसाच्या शेवटी खाचा मोजून तितके फटके द्यायचे. डब्लिनचे ख्यातनाम डॉक्टर विल्यम वाइल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पश्चिम आयर्लंडमधील असा प्रसंग नोंदवून ठेवला आहे, आणि त्यातील सर्वांत वेदनादायक भाग हा, की खाच पाडणारा हात खुद्द बापाचा होता. मास्तर शिक्षा देई. पाळत घर ठेवी. मुलावर जीव असलेला बाप हे करीत होता, आणि आपण त्याच्या भल्यासाठी करतो आहोत अशी त्याची खात्री होती.

सरकारी शाळेचे समर्थक नेमके येथेच थांबतात आणि म्हणतात, ‘बघा, पालकांनाच इंग्रजी हवी होती, शाळेने त्यांची इच्छा पुरी केली.’ हे म्हणणे फेटाळण्याइतके खोटे नाही, म्हणूनच त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. १८४५ ते १८४९ च्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि साधारण तितकीच देश सोडून गेली. हा घाव सर्वांत खोल बसला तो पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या आयरिशभाषक गरिबांवर. भाषा बोलणारे कमी झाले त्यात दुष्काळाचा वाटा शाळेहून कमी नाही. आणि दुष्काळ पाहिलेल्या आईबापांना इंग्रजी म्हणजे बोटीचे तिकीट वाटले, तर त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण पालकांना इंग्रजी हवी होती, एवढ्यावरून त्यांना आयरिश नको होती असे सिद्ध होत नाही. दोन्ही मिळतील अशी शाळा त्यांच्यापुढे कधी ठेवलीच गेली नाही. ज्या माणसाला एकच दार उघडे ठेवले आहे, तो त्या दारातून गेला म्हणजे त्याने निवड केली, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे आहे.

दोन्ही देणारी शाळा शक्य होती का? होती, आणि हे मागाहून सुचलेले शहाणपण नाही. पॅट्रिक कीनन हे राष्ट्रीय शिक्षण मंडळाचे तपासनीस १८५० च्या दशकात डॉनेगॉलच्या किनाऱ्यावरील बेटांवर आणि आयरिशभाषक भागांत फिरले, आणि १८५५ पासूनच्या आपल्या अहवालांत त्यांनी निःसंदिग्ध शब्दांत लिहिले, की या मुलांना आधी आयरिश लिहायला-वाचायला शिकवावे आणि तिच्या आधाराने इंग्रजी शिकवावी. अशाने इंग्रजीही लवकर येईल. कीनन भाषेचे पुनरुज्जीवक नव्हते. मुलांना चांगली इंग्रजी यावी हाच त्यांचा हेतू होता, आणि वर्गात बसून त्यांनी जे पाहिले त्यावरून ते या निष्कर्षाला आले होते. पुढे ते त्याच मंडळाच्या प्रमुखपदी पोचले, सर झाले. तरीही आयरिशला शाळेत पहिली जागा मिळाली ती १८७९ च्या सुमारास, तीही शाळेच्या वेळेबाहेरचा जादा विषय म्हणून. द्वैभाषिक अभ्यासक्रमाला मान्यता मिळाली १९०४ मध्ये. मधली पन्नास वर्षे म्हणजे दोन पिढ्या. आयरिश गमावली गेली ती मुख्यतः याच दोन पिढ्यांत.

मराठी वाचकासाठी येथे एक तुलना अप्रस्तुत ठरणार नाही, कारण साम्राज्य एकच होते. ज्या १८३१ साली स्टॅनली यांचे पत्र लिहिले गेले, त्याच साली मुंबईत मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. मुंबई इलाख्यात त्याआधीच सरकारी मदतीने मराठी शालेय पुस्तके तयार होत होती, आणि १८४० च्या दशकात शिक्षण मंडळात माध्यमाचा वाद पेटला तेव्हा जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूने उभे राहू शकले. तो वाद होऊ शकला हेच महत्त्वाचे. राज्यकर्त्यांना मराठीविषयी अधिक प्रेम होते असे नाही. मुंबई इलाख्याचा महसूल मराठी-गुजरातीशिवाय गोळा होणार नव्हता, आणि आयर्लंड तर १८०१ पासून त्यांच्याच राज्याचा एक भाग मानले जात होते, म्हणून तेथे दुसऱ्या भाषेची गरजच त्यांना दिसली नाही. देशी भाषेत प्राथमिक शिक्षण देणे त्या काळच्या प्रशासनाला जमण्यासारखे नव्हते, या सबबीला मात्र मुंबईचा दाखला पुरेसे उत्तर आहे.

शाळेने घरातील भाषा बाहेर ठेवली म्हणजे काय झाले, हे तोमास ओ क्रोहन यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते. केरीच्या पश्चिम टोकाला अटलांटिकमध्ये असलेल्या ग्रेट ब्लास्केट बेटावरचा हा मासेमार. बेटावर शाळा उघडली ती १८६४ मध्ये, ओ क्रोहन साधारण आठ-नऊ वर्षांचे असताना. शाळेत त्यांनी वाचणे-लिहिणे शिकले ते इंग्रजीत. स्वतःची भाषा कागदावर उतरवण्याची विद्या त्यांनी प्रौढ वयात, स्वतःच्या प्रयत्नाने मिळवली, आणि त्यानंतर जे गद्य लिहिले त्यामुळे विसाव्या शतकातील आयरिश साहित्यात त्यांचे स्थान पक्के झाले. ज्या मुलांना मोठेपणी अशी विद्या मिळवणे जमले नाही, ती काय लिहू शकली असती याचा हिशेब कोणत्याही जनगणनेत लागत नाही.

१८७२ ते १९०० या काळातील ‘निकालानुसार वेतन’ पद्धतीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. तपासनीस वर्षातून एकदा येई, प्रत्येक मुलाची वाचन, लेखन, हिशेब यांत परीक्षा घेई आणि पास झालेल्या मुलांवर मास्तराच्या मिळकतीचा एक भाग ठरे. घोकंपट्टी वाढली, हजेरी थोडी सुधारली, आणि परीक्षेत ज्याला गुण नाहीत ते वर्गातून हद्दपार झाले. आयरिशभाषक गावातील मास्तराने मुलांशी त्यांच्या भाषेत बोलण्यात वेळ घालवावा, असे काहीही या पद्धतीत नव्हते.

१९२२ मध्ये देशाच्या २६ परगण्यांत स्वतःचे सरकार आले. आता घरची भाषा शाळेत येईल अशी अपेक्षा होती, आणि ती आलीही. पण ज्या रीतीने इंग्रजी आली होती त्याच रीतीने. ज्या घरांतून आयरिश दोन-तीन पिढ्यांपूर्वी गेली होती, त्या घरांतील चार-पाच वर्षांच्या मुलांना बालवर्गात पूर्णपणे आयरिशमधून शिकवण्याचा आदेश निघाला. जेमतेम आयरिश येणाऱ्या हजारो शिक्षकांना उन्हाळी सुट्टीतील वर्गांत बसवून तयार केले गेले. १९३४ मध्ये हे धोरण अधिक कडक झाले. शिक्षकांच्या संघटनेने १९४१ मध्ये आपल्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध करून सांगितले, की इंग्रजीभाषक घरांतील लहान मुलांना अनोळखी भाषेतून शिकवणे त्यांच्या वाढीला मारक ठरत आहे. हे सांगणारे बहुतेक शिक्षक आयरिशचे विरोधक नव्हते; तरीही सरकारने त्यांच्याकडे कीनन यांच्या अहवालांइतकेच लक्ष दिले.

मला आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनाविषयी आस्था आहे, आणि म्हणूनच हे लिहिताना वाईट वाटते. मुलाच्या तोंडात असलेली भाषा बाजूला सारून शिकवायला लागणे हीच १८३१ ची चूक होती. १९२२ नंतर भाषांची अदलाबदल झाली आणि चूक तशीच राहिली. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे सांगितले. शाळेबाहेर ती रोज बोलणारे मात्र सुमारे ७२ हजारच निघाले. शतकभर सक्तीने शिकवूनही अशी तफावत राहते, तेव्हा तिचा दोष विद्यार्थ्यांच्या आळसावर ढकलता येत नाही. याउलट १९७० च्या दशकापासून पालकांनी स्वतः एकत्र येऊन, जागा शोधून, मागणी करून ज्या आयरिश माध्यमाच्या शाळा काढल्या, त्या शहरांतही वाढल्या. पालकांपुढे दुसरे दार उघडले, तेव्हा कित्येकांनी ते निवडले.

शाळा आणि घर यांच्यात दार उघडण्याचा एक प्रयोग मात्र स्वतंत्र आयर्लंडने असा केला, की त्याला तोड सापडणे कठीण आहे. १९३७ ते १९३९ या काळात लोकवाङ्मय आयोगाने शिक्षणखात्याच्या आणि शिक्षकसंघटनेच्या साहाय्याने २६ परगण्यांतील सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांना एक काम दिले. पाचवी-सहावीतील मुलांनी आठवड्याच्या निबंधाच्या तासाला ठरीव निबंध लिहायचा नाही. घरी आणि शेजारी जाऊन म्हाताऱ्या माणसांना प्रश्न विचारायचे आणि जे ऐकले ते वहीत उतरवायचे. विषयांची यादी मोठी होती: शेतांची आणि डोंगरांची नावे, गावठी औषधे, दुष्काळाच्या आठवणी, लग्नाच्या रीती, हस्तव्यवसाय, जुन्या शाळा. मोठ्या शहरांतील शाळांना यातून सूट होती, म्हणून हा संग्रह जवळजवळ पूर्णपणे खेड्यांचा आहे. पन्नास हजारांहून अधिक मुलांनी लिहिलेली ही सामग्री सुमारे ७ लाख ४० हजार पानांची भरली. आज ती इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. कुंपणशाळांतील मास्तर कोठे बसत, फी काय घेत, मुले कशावर लिहीत, आयरिश बोलल्याबद्दल मार कसा बसे, यांविषयी खेड्यातील माणसांनी स्वतः सांगितलेले जे काही आपल्याला वाचायला मिळते, त्यातला मोठा भाग या अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या वह्यांतून आलेला आहे.

या प्रयोगाला संस्कृती जतन करण्याचा उपक्रम एवढेच मानले जाते. मला तो शिक्षणाचा उत्तम नमुना वाटतो. शंभर वर्षे ज्या आजीला शाळेच्या लेखी काहीच येत नव्हते, तिच्याकडे शाळेने मुलाला शिकायला पाठवले. मुलाने ऐकले ते कानाने, लिहिले ते शाळेत शिकलेल्या अक्षराने, आणि घर ज्या भाषेचे असेल त्या भाषेत: काही वह्या आयरिश आहेत, बऱ्याच इंग्रजी. भाषेची सक्ती येथे नव्हती, आणि तरीही भाषेचे, शब्दांचे, नावांचे जेवढे धन या दोन वर्षांत शाळेत आले, तेवढे सक्तीच्या कोणत्याही अभ्यासक्रमाने आणले नाही. दोन वर्षांनी शाळा पुन्हा ठरीव निबंधांकडे वळल्या, हे मोठे दुर्दैव.

१९६० च्या दशकात आणखी एक वळण आले. डोनो ओ’मॅली या शिक्षणमंत्र्यांनी सप्टेंबर १९६६ मध्ये मोफत माध्यमिक शिक्षणाची घोषणा केली. दरवर्षी सुमारे सतरा हजार मुले प्राथमिक शाळा संपवून पुढे काहीही न शिकता बाहेर पडतात आणि हा राष्ट्राच्या सदसद्विवेकावरचा काळा डाग आहे, असे ते म्हणाले. पुढच्या वर्षापासून फी गेली आणि खेड्यांतून शाळेच्या पिवळ्या बस धावू लागल्या. आयर्लंडच्या ग्रामीण शिक्षणात एका निर्णयाने झालेले एवढे मोठे भले दुसरे नाही. मात्र त्याच काळात त्याच नियोजनाच्या विचारातून एक-दोन शिक्षकी प्राथमिक शाळा बंद करून त्या मोठ्या शाळांत विलीन करण्याचे धोरण आले. तेव्हा देशातील सुमारे दोन तृतीयांश राष्ट्रीय शाळा अशा लहान शाळाच होत्या, आणि काही वर्षांतच त्यांपैकी शेकडो बंद झाल्या.

लहान शाळेची बाजू भावनेने मांडण्याची सवय आहे, म्हणून उलट बाजूही नमूद करतो. एका खोलीत सगळ्या इयत्ता सांभाळणारा एकटा शिक्षक दमतो, मुलांना समवयस्क सोबती मिळत नाहीत, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय तर दूरच. काही विलीनीकरणे मुलांच्या हिताचीच होती, आणि गावांनी ती स्वीकारलीही. आक्षेप आहे तो निर्णय कोठे आणि कशाच्या आधारे झाला याला.

केरीतील डून खीन, इंग्रजी नकाशावरचे डन्क्विन, हे ब्लास्केट बेटांसमोरचे आयरिशभाषक गाव. बेटावरील शाळा विद्यार्थी उरले नाहीत म्हणून १९४१ मध्ये बंद झाली होती आणि १९५३ मध्ये बेटही रिकामे करण्यात आले होते. तेथील कित्येक कुटुंबे याच किनाऱ्यावर येऊन राहिली. शाळा गेल्यावर वस्तीचे काय होते हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. १९७० मध्ये सरकारने डून खीनची शाळा पटसंख्या कमी म्हणून बंद केली, तेव्हा गावकऱ्यांनी ती स्वतःच्या बळावर, सरकारी मान्यतेशिवाय चालू ठेवली, डब्लिनपर्यंत आंदोलन नेले, आणि सरकार बदलल्यावर १९७३ मध्ये ती अधिकृतपणे पुन्हा उघडून घेतली. कुंपणशाळांच्या काळात आईबापांनी राज्यसत्तेच्या विरोधात शाळा टिकवली होती ती मुलांना इंग्रजी यावी म्हणून. येथे त्यांच्या वंशजांनी ती टिकवली ती मुलांची आयरिश जाऊ नये म्हणून.

ज्या फाइलवर ही शाळा बंद करण्याचा निर्णय झाला, तिच्यात मुलांची संख्या आणि शिक्षकाचा पगार यांना रकाने होते. आयरिश ही ज्यांची घरची आणि अंगणातील भाषा होती अशी मुले तेथे बसत होती, या गोष्टीला रकाना नव्हता. तो नसेल तर कोणतेही खाते, स्वदेशी असो वा परकीय, पुन्हा तोच निर्णय करील, आणि प्रामाणिकपणे करील. म्हणून गावाची शाळा बंद करण्याचा, तिचे माध्यम बदलण्याचा किंवा अभ्यासक्रम ठरवण्याचा प्रस्ताव जेव्हा राजधानीत तयार होतो, तेव्हा त्या गावातील मुले कोणती भाषा बोलतात, त्यांच्या घरांत कोणते ज्ञान आहे आणि पालकांना दोन पर्याय दिले तर ते काय मागतात, याची लेखी चौकशी त्या गावात जाऊन झाली पाहिजे, तिचे उत्तर प्रस्तावाबरोबर जोडले गेले पाहिजे आणि ते डावलायचे असेल तर त्याचे कारण मंत्र्याने सही करून दिले पाहिजे. कीनन यांच्या अहवालांना अशी सक्ती लागू असती, तर मंडळाला पन्नास वर्षे गप्प बसता आले नसते.